चांद्याला आवतण

नागपुरात हुडकेश्वरच्या रस्त्यावर पोळ्याच्या लाकडी नंद्यांचं पहिलं दुकान लागलं, की मी घरी येऊन पलंगाखालची मोठी पेटी ओढते. पेटीत माझा बैल आहे. म्हणजे बैलाचं अंग आहे, खूर आहेत, शेपटी आहे आणि सगळ्यांत वर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं डोकं आहे. वर्षभर कोंडलेल्या फरला एक वास येतो, थोडा कापराचा, थोडा घामाचा. तो मला आवडतो, पण हे मी फारसं कुणाला सांगत नाही. अंग उलटं करून झटकायचं, उन्हात टाकायचं, मग मऊ ब्रशने फर विंचरायची. उजव्या खांद्यापाशी आलं की हात आपोआप हळू होतो. तिथे पांढऱ्या फरवर तळहाताएवढा पिवळा डाग आहे. हळदीचा. तो घालवायचे पुष्कळ उपाय लोकांनी मला प्रेमाने सुचवलेत. मी आभार मानते आणि विषय बदलते.

बैलाचं अंग माझ्या पलंगाखाली काय करतं, हेही सांगून टाकते. जगात काही चांगली मोठी, कमावती, वेळेवर विजेचं बिल भरणारी माणसं अशी आहेत, की त्यांना माणसासारखं चालणाऱ्या-बोलणाऱ्या प्राण्यांचं वेड असतं. ती आपल्यासाठी एक प्राणी ठरवतात, त्याला नाव देतात, त्याची चित्रं काढतात, आणि ज्यांचा हात चालतो ती त्याचं अंगच शिवतात आणि आत शिरतात. अशांना फरी म्हणतात. मला हे कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि इंटरनेटवर एका विशिष्ट रंगाच्या बैलाचं चित्र शोधत बसले होते. शोधता शोधता त्यांच्या एका गटात शिरले. तिथे लांडगे होते, कोल्हे होते, निळे-जांभळे वाघ होते, बैल मात्र एकही नव्हता. मला वाईटच वाटलं. एवढ्या लोकांत कुणालाही बैल व्हावंसं वाटू नये? म्हटलं, ठीक आहे, आपण होऊ.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांकडून मापं येतात, आम्ही कवळ्या बनवतो. मेण, प्लास्टर, ॲक्रिलिक यांच्यात माझा दिवस जातो, त्यामुळे बैलाचं तोंड बनवणं मला जड गेलं नाही. डोकं फोमचं कोरलं, शिंगंही फोमचीच, पण दात अगदी लॅबमधल्यासारखे केले, आणि तेही फक्त खालचे. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात. पुढे फरींच्या एका मेळाव्यात लोक मला विचारत होते, की तुझ्या बैलाचे वरचे दात कुठे पडले. मी सांगायची, पडले नाहीत, दिलेच नव्हते देवाने.

बैलाचं नाव चांद्या. ते मी ठेवलेलं नाही, ते आधीपासूनच होतं.

आमचं गाव कुहीच्या पुढे, धानाचं. बाबांकडे चांद्या आणि लाल्या अशी जोडी होती. चांद्या पांढरा, कपाळावर राखाडी चांद, आणि डावं शिंग डोळ्याकडे वळलेलं, त्यामुळे तो सतत काहीतरी शंका असल्यासारखा दिसायचा. आषाढात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी साचलं की चिखलणी सुरू व्हायची. बाबा जू घेऊन गोठ्यात आले की लाल्या खांबाकडे मागे सरायचा आणि चांद्या स्वतःहून मान खाली घालायचा. त्याच्यावर जू ठेवायला कधी जोर लावावा लागला नाही. बाबा त्याला हाक मारत तेव्हा आवाज इतका मऊ होई, की आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो. आमच्या वाट्याला तो आवाज ताप आल्यावरच यायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकायची. खांद म्हणजे बैलाच्या मानेवरची ती जागा, जिथे वर्षभर जू घासतं. लोण्यात हळद कालवायची आणि पळसाच्या पानाने ती जागा हळूहळू चोळायची. मग घरधन्याने बैलाच्या कानाशी वाकून आवतण द्यायचं, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. ज्या प्राण्याचा गोठा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याला इतक्या रीतीने पाहुण्यासारखं बोलवायचं, हे मला लहानपणी फार आवडायचं. दुसऱ्या दिवशी बैल सजून तोरणाखाली जायचे, पोळा फुटला की घरी यायचे, आई त्यांचे पाय धुवायची आणि पुरणपोळी भरवायची. त्यानंतर आमची पानं. बैल जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नसे. तोरणाखाली बैल न्यायचं काम पोरांचं, मुलींनी दारात ताट धरायचं. मी दर वर्षी कासरा मागायची आणि बाबा दर वर्षी हसून म्हणायचे, की बैल तुलाच ओढत नेईल.

मग बाबांचे गुडघे गेले. लाल्या आधीच गेला होता. शेत ठेक्याने दिलं, आम्ही हुडकेश्वरला घर बांधलं, आणि चांद्याला उमरेडच्या बाजूला मामाकडे सोडलं. मामाने त्याला जपलं. काही वर्षांनी पोळ्याच्या तोंडावर मामाचा फोन आला, की चांद्या आडवा झालाय, उठत नाही, भाऊजींना भेटून जायला सांगा. बाबा पिशवी घेऊन उमरेडची बस धरायला फाट्यावर गेले आणि दुपारी परत आले. म्हणाले, बस थांबलीच नाही. दुसऱ्या दिवशी मामाने कळवलं, की बांधाच्या कोपऱ्यात त्याला माती दिली. बाबांनी ते ऐकलं, हो म्हटलं आणि टीव्ही लावला. त्यानंतर चांद्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. पोळ्याला आई बाजारातून मातीचे बैल आणायची, पूजेच्या वेळी बाबा फिरायला जायचे आणि नैवेद्य झाल्यावर परत यायचे. पुरणपोळ्या मात्र नीट जेवायचे, तूप मागून घ्यायचे. आई म्हणायची, जेवतात ना, मग झालं. पण झालं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

म्हणून जेव्हा मागच्या खोलीत माझं फोमचं डोकं तयार झालं, तेव्हा मला धाकधूक होती. मी ते चांद्यावरच्या मायेने केलं होतं, पण बाबांना ती चेष्टा वाटली तर? एवढ्या वर्षांनी घरात बैल आला, तोही पोरीने डोक्यावर घालून नाचायचा. एके दिवशी ते दारात उभे राहिले. आत आले, चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी बैलाचा जबडा उघडला आणि आत पाहिलं. बैलबाजारात असंच पाहतात, दातांवरून वय कळतं.

"जुळलेला हाये," ते म्हणाले. म्हणजे सगळे दात आलेला, पुरता वयात आलेला. मग त्यांनी वळलेल्या शिंगावरून अंगठा फिरवला आणि निघून गेले. रागावले, की दुखावले, की काहीच नाही, मला काही समजलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, त्यांना काही विचारायला जाऊ नको. तिला स्वतःला ह्या सगळ्याचं मुळीच नवल नव्हतं. तिच्या माहेरी दंडार व्हायची, रात्रभर चालणारं सोंगांचं नाटक, तिच्यात शिंपी वाघ व्हायचा आणि सकाळी तोच वाघ परकर शिवून द्यायचा. माझ्या मावश्यांनी नाकं मुरडली तेव्हा तिने त्यांना हेच सांगितलं.

फरींचा मेळावा हैदराबादला होता, शहराबाहेरच्या एका हॉटेलात. आणि त्यातला पहिला दिवस नेमका पोळा. मी जाऊ की नको करत होते. आई म्हणाली, गाडी चालवता येते ना, मग जाय. सोबत यायला कुणी नव्हतं. मैत्रिणींना मी फक्त विचारून पाहिलं होतं, त्यांचे चेहरे बघून पुन्हा विचारलं नाही.

पोळ्याच्या आदल्या सकाळी मी गाडी भरली. बैलाचं अंग डिकीत, डोकं मागच्या सीटवर एका कुशीवर टाकलेलं. बाबा टायर दाबून बघत होते, पाण्याची कॅन ठेवत होते. त्यांनी मागचं दार उघडलं आणि थांबले.

"आडवा नको टाकू वं त्याले," ते म्हणाले.

त्यांनी ते डोकं उचललं, पुढच्या सीटवर उशी ठेवून तिच्यावर बसवलं, पट्टा ओढून नीट लावला आणि काच पुसायला गेले. मी स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते. आडवा हा मामाच्या त्या फोनमधला शब्द होता.

एकटीने गाडी चालवण्यात एक सुख असतं, ते मला त्या दिवशी कळलं. बुटीबोरीपर्यंत मी आईने सांगितलेल्या सगळ्या सूचना आठवत होते, हिंगणघाटच्या पुढे सगळ्या विसरले. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे तुरीच्या ओळी, आभाळ भरलेलं पण पाऊस नाही. टोलवरच्या माणसाने खिडकीतून वाकून शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "याचा बी बेल्ट लावला का?" मी म्हटलं, नियम आहे ना. तो म्हणाला, बरोबर आहे, आणि कितीतरी वेळ मी एकटीच हसत होते. रस्त्याकाठच्या नाल्यांमधून, पुलाखाली, जिथे पाणी होतं तिथे लोक बैल धूत होते. बैल पाण्यात उभे, डोळे अर्धे मिटलेले, आणि माणसं तळहाताने त्यांची पाठ घासताहेत. एका पुलापाशी मी गाडी कडेला घेतली आणि नुसती बघत राहिले. ओल्या बैलाचा वास खिडकीतून आत आला. इतकी वर्षं मी तो हुंगला नव्हता, तरी जराही परका वाटला नाही.

पांढरकवड्याला पोळ्याचा बाजार भरला होता. बेगड, गोंडे, घुंगरमाळा, झुली. मला काही घ्यायचं नव्हतं, तरी एक लाल कासरा घेतला. दुकानदारीण चांगली बोलकी होती. घरी किती बैल आहेत विचारलं. मी म्हटलं, एक. ती म्हणाली, एका बैलाने काय होतं, जोडी पाहिजे. मी म्हटलं, आमचा एकटाच चालतो. तिला माझी दया आली असावी, तिने एक गोंडा वरून टाकला. पैनगंगा ओलांडली, पाट्या तेलुगू झाल्या, पण नाल्यातले बैल तेच आणि त्यांना धुणारे हातही तसेच. पोळा पैनगंगेपाशी संपतो अशी माझी आपली समजूत होती.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पोचले तोच आईचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी आमचा पंखा दिसला, मग बाबांचं अर्धं कपाळ.

"पोचला का तो?" बाबांनी विचारलं.

पोचली का नव्हे, पोचला का. मी बैलाचं डोकं उशीला टेकवून पलंगावर ठेवलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. बाबांच्या हातात वाटी होती. पळसाचं पान होतं, ते त्यांनी कुठवर चालत जाऊन आणलं असेल कोण जाणे, गुडघे असे असताना. वाटीतलं हळदीचं लोणी त्यांनी मला दाखवलं आणि विचारलं, की तुझ्याकडे हळद आहे का. नव्हती. मग म्हणाले, खांद आल्यावर शेकू. वाटी बाजूला ठेवली. मग फोन अगदी जवळ घेतला, इतका की पडद्यावर नुसते ओठ दिसायला लागले, आणि त्या मऊ आवाजात, जो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, म्हणाले, "आज आवतण घे गा. उद्या जेवाले येजो."

मी दोन्ही हातांनी बैलाचं डोकं धरलं आणि होकारार्थी हलवलं. बाबांनी मान डोलावली. मागे आई पदराने डोळे टिपत होती आणि माझ्याकडे बघून हसतही होती. मला इतका आनंद झाला, की आपण काय कबूल केलंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा चारचौघांत चांद्या झाले. अंगात शिरल्यावर काय होतं, तर सगळ्यात आधी घाम येतो. डोळ्यांच्या जाळीतून समोरचं थोडं आणि पायाजवळचं थोडं दिसतं, बाकी सगळं ऐकून समजून घ्यायचं. आणि एक नियम असतो, आत शिरलं की बोलायचं नाही. मान हलवायची, हात हलवायचे, बस. म्हणून प्रत्येकाबरोबर एक मोकळं माणूस लागतं, हात धरून नेणारं. मी तर एकटी आलेली. लिफ्टपाशी एका कुंडीला धडकले आणि कुंडीलाच वाकून नमस्कार केला. तेव्हा लावण्या नावाची एक मुलगी धावत आली. ती तेलंगणातल्या निर्मल गावाकडची, मराठी समजणारी, वकिलीचं शिकणारी, स्वतः अंग न घालणारी पण चित्रं काढणारी. तिने माझ्या हातातला लाल कासरा पाहिला, स्वतःच्या मनगटाला एक वेढा घेतला आणि हिंदीत म्हणाली, चल, आज तू माझा. त्या मुलीचे उपकार मी कसे फेडणार, मला ठाऊक नाही. ती ह्याला उपकार म्हणत नाही, हे आणखी एक.

दुपारी डोकं काढून पंख्यासमोर बसले होते. आईचा फोन आला. आवाज दबका होता.

"तुहे बाबा जेवले नाही अजून."

मी विचारलं, काहून? बरं नाही का?

"बैल जेवला नाही तर मालक कसा जेवन?" आई म्हणाली. "तूच त मान हलवली काल."

मला आधी रागच आला. बाबांना साखर आहे, सकाळची गोळी घेतलेली, आणि हे उपाशी बसलेत एका फोमच्या बैलासाठी. मी आईला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, ते तू त्यांना सांग. मी सांगू शकत नव्हते. मला कळून चुकलं, की आज बाबा फिरायला गेलेले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते पोळ्याच्या दिवशी घरात बसलेत आणि वाट बघताहेत. हे माझ्या हातून आज बिघडलं, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा फिरायला जातील, आणि मग कायमचे जातील. गाडी काढली तरी रात्रीशिवाय मी पोचत नव्हते. मी लावण्याला सगळं सांगितलं. चांद्या, फाटा, आवतण, गोळी, सगळं, तिथे पंख्यासमोर, नाक पुसत.

माझं बोलणं संपताच ती उठली. तिच्याकडेही आज तोच सण होता. मला थांब म्हणून ती हॉटेलशेजारच्या मिठाईच्या दुकानात पळाली आणि गरम पुरणपोळ्या घेऊन आली. तिकडे त्यांना भक्षालु म्हणतात, वेलदोडा जास्त असतो. तिने कुणाकुणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण मी डोकं घालून हॉलपाशी आले तेव्हा फुग्यांच्या कमानीखाली एक टेबल लागलेलं होतं, त्यावर हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मागून आणलेली हळद होती, कुंकू होतं, आणि दोन्ही बाजूंना लांडगे, कोल्हे, एक हरीण, एक निळा वाघ ओळीने उभे होते. लावण्याने कासरा धरला आणि मला कमानीखालून नेलं. तोरणाखालून. जिथे मला कधी जायला मिळालं नव्हतं. कासरा धरायला मागणारी मी, बैल होऊन तिथून गेले. आत मी रडत होते, आणि आत रडलेलं कुणाला दिसत नाही, ही त्या अंगाची मोठीच सोय आहे.

लावण्याने फोन लावला आणि माझ्यासमोर धरला. जाळीतून मला फक्त एक उजेडाचा चौकोन दिसत होता, पण आवाज स्पष्ट होता. बाबा म्हणाले, "तोंड उघड गा." मी हनुवटी खाली ओढली, बैलाचा जबडा उघडला, लावण्याने पोळीचा तुकडा आत सरकवला आणि मी तो खाल्ला. बाबांनी आणखी एक द्यायला सांगितला. मग मागे उभ्या असलेल्या मंडळींकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. ती कोण म्हणून विचारलं. लावण्याने एकेकाची ओळख करून दिली.

"लांडगा कायले उभा केला बैलाजवळ?" बाबा म्हणाले.

लावण्याने ते लांडग्याला सांगितलं. तो बिचारा पुण्याचा इंजिनिअर. त्याने दोन्ही पंजे जोडले आणि तीन-चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. पलीकडे आईचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात मिसळलेलं बाबांचंही. जेवला का गा, बाबांनी विचारलं. मी मान हलवली. मग पाट ओढल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला. बाबा जेवायला बसले होते.

पुढे दिवसभर जो भेटला त्याने मला पोळीचा तुकडा भरवला. निळा वाघ तर शेपटीवर पाय पडल्याचं निमित्त करून दोनदा आला. मी आजवर ज्या माणसांची नावंही नीट पाहिली नव्हती, त्यांनी माझ्या बापाला जेवायला घातलं होतं. लोक मला विचारतात, की प्राणी होऊन तुम्हाला काय मिळतं. त्यांना मी काय सांगणार? मी त्यांना पुरणपोळीचा तुकडा देते.

सोमवारी मी परत निघाले. नाले रिकामे होते. वेशींवरची तोरणं सुकून खाली लोंबत होती. शिंगांना ताजा रंग असलेले बैल पुन्हा गाडीला जुंपलेले दिसत होते. संध्याकाळी, दिवस असतानाच, मी हुडकेश्वरला पोचले. दारात पळसाच्या डहाळ्या अजून लावलेल्या होत्या. बाबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते, पायाशी वाटी. त्यांनी माझी विचारपूस केली, गाडी कशी चालली विचारलं, आणि मग दुसरीकडे बघत म्हणाले, "घालून ये त्याले."

आईने मागची चेन लावली. खूर घातले, डोकं घातलं, आणि आईने कासरा धरून मला बाहेर आणलं. पोर्चच्या पायरीशी ती थांबली. तिने माझ्या फोमच्या खुरांवर पाण्याचे अगदी चार थेंब शिंपडले, भिजायला नको म्हणून, आणि कासरा बाबांच्या हातात देऊन आत गेली. आत भांडी लावायचा आवाज ती जरा मोठ्यानेच करत होती.

मला जाळीतून बाबांचे पाय दिसत होते. पायजम्याची कड, पट्टीवाली चप्पल, सुजलेला डावा घोटा. ते उठले. वाटी उचलल्याचा आवाज झाला. मग उजव्या खांद्यावर पळसाचं पान टेकलं आणि सावकाश, गोल, फिरायला लागलं. फरमधून, फोममधून त्यांच्या हाताचा दाब माझ्यापर्यंत येत होता. पांढरी फर आता पिवळी होणार, हे माझ्या लक्षात आलं, आणि ती पुरती पिवळी होऊ दे, असं वाटलं.

पान फिरत राहिलं. मग ते थांबलं आणि बाबा बैलाच्या कानाजवळ सरकले.

"लय राबला गा तू माह्यासाठी," ते म्हणाले. पान खांद्यावर पुन्हा एकदा फिरलं. "बस थांबली होती. मीच चढलो नाही. तुले आडवं पाहवलं नसतं मले."

आत अंधार होता आणि घामाने डोळे चुरचुरत होते. त्यांना सांगावं असं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि आत शिरल्यावर बोलायचं नसतं. त्यांचा हात आता मानेकडे येत होता, जूची जागा शोधत, आणि गुडघ्यांमुळे त्यांना उंच होता येत नव्हतं. मी मान खाली घातली, आणि त्यांचा हात पोचेपर्यंत तशीच उभी राहिले.